सिंधूचा गहू

“अगं अगं, पिण्याचं पाणी मातीत ओतायलीस?” मी शिलाईमशीन तसंच सोडून ओट्याच्या कडेला आले. “येड लागलं का काय गौरम्मा तुला?”

गौरम्मानं मान वर केली नाही. तिच्यापुढे दवाखान्यानं मोडीत काढलेल्या, टवके उडालेल्या पांढऱ्या ताटल्या मांडल्या होत्या. ताटल्यांत काळी माती. तांब्यात बोटं बुडवायची आणि मातीवर झटकायची, असं तिचं सावकाश चाललं होतं.

“गहू पेरलाय, सरजाक्का,” ती म्हणाली. “नाताळापत्तोर बोटभर हुईल.”

पाणी गेलं खड्ड्यात. उन्हाळ्यापासून ही बाई माझ्याशी एवढं बोलली ती ही पहिलीच वेळ होती.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. जिल्हा झाला, कलेक्टर आला, धुरळा उडवत जीपगाड्या आल्या, जिकडंतिकडं नव्या पाट्या लागल्या. पाणी तेवढं यायचं राहिलं. पाऊस सलग दगा देत होता. दवाखान्यामागच्या आमच्या खोल्यांच्या लाईनीत टँकर कधी यायचा, कधी नाही यायचा, आणि आला की आम्ही बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या बेतात असायचो. माझं माहेर इस्लापूरचं. सहस्रकुंडाच्या धबधब्याचा आवाज ऐकत मी लहानाची मोठी झाले. ती मी इथं भांडं विसळलेलं पाणी दुसऱ्या भांड्यासाठी ठेवायला शिकले होते. आमचे हे ट्रेझरीत कारकून. ते घोटभर पाण्यात दाढी करायचे आणि वर त्याचा अभिमान बाळगायचे.

गौरम्मा माझ्या शेजारच्या खोलीत. कर्नाटकाच्या अंगाला, निलंग्याच्या पलीकडं तिचं गाव. मराठी आमच्यासारखीच बोलायची, पण लेकीशी मात्र कानडीत. दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीत ती जाळीचं कापड कापून त्याच्या घड्या घालायची. दिवसभर घड्या. तिचा नवरा चंद्रप्पा सरकारी विश्रामगृहात स्वयंपाकी. माणसं ख्रिश्चन, आम्ही बौद्ध, आणि पलीकडच्या खोलीत औशाकडच्या शेतकरी घरातली धुरपतामावशी. रान ओसाड पडल्यावर लेकानं तिला इकडं आणलं होतं. येताना घरदार सोडून आली, पण शेळी काही सोडली नाही बाईनं.

आणि सिंधू होती. गौरम्माची एकुलती एक.

काय सांगू त्या पोरीचं! दहा वर्षांची असेल, पण रस्त्यानं चालली की डोळे कायम खाली. सिगारेटच्या पाकिटातली चांदी उचल, गोळ्यांचे रंगीत कागद उचल, बांगडीचे तुकडे उचल. दवाखान्यातून आईकडून इंजेक्शनच्या बाटल्यांची पत्र्याची टोपणं मागवायची. माझ्या मशीनखाली तर तिचा कायमचा डेरा. “सरजामावशी, ह्यी चिंधी तुला लागती का?” मी म्हणायची, “लागती की, तुझं तोंड बांधायला!” ती हसायची आणि चिंधी घेऊन पसार. वर्षभर हा सगळा कचरा बिस्किटाच्या एका डब्यात जमा व्हायचा आणि डिसेंबर लागला की डबा उघडायचा.

मग बघावं! टोपणांत भोकं पाडून दोऱ्यात ओवली की झाल्या घंटा. वारा आला की किणकिणायच्या. माझ्या चिंध्यांच्या पताका, चांदीच्या कागदाची फुलं. तुराट्या बांधून त्यावर पतंगी कागद चिकटवला की दारावरची चांदणी. खळ ज्वारीच्या पिठाची. सगळं फुकटातलं. बाजारातून आणायचा तो फक्त पतंगी कागद. आणि ओट्यावर गोठा, येशूचा. पोत्याचं छप्पर, मातीची माणसं, मातीची मेंढरं, आणि गोठ्याभोवती ताटल्यांत उगवलेला हिरवागार गहू. “ह्ये बेथलेहेमचं रान,” ती सगळ्या लाईनीला सांगायची.

गोठ्यातले बैल धुरपतामावशीचे. मावशी पोळ्याला मातीचे बैल करायची, शिंगं अशी बाकदार की खऱ्या बैलानं लाजावं. पोळा झाला की सिंधू तिच्या मागं लागायची, “आज्जी, तुझा सण झाला, आता बैल माझ्या सणाला दे.” मावशी वरवर कुरकुरायची, “माझी बैलं अन् तुझ्या देवाच्या गोठ्यात?” पण द्यायची. आदल्या वर्षी तर नवी जोडीच केली होती तिनं, खास सिंधूसाठी, कपाळावर चांद काढून.

आणि मग तो मे महिना आला.

टँकरनं कुठल्या विहिरीचा गाळ आणला कोण जाणे, लाईनीतल्या पोरांना एकापाठोपाठ एक जुलाब लागले. बाकीची पोरं सावरली. सिंधू सावरली नाही. गौरम्मा कामावरून आली तेव्हा पोर भिंतीला टेकून बसली होती आणि ओठ चाटत होती.

“अव्वा, नीरु,” म्हणाली. आई, पाणी.

गौरम्मा तांब्याकडं वळली, तर धुरपतामावशीनं तिचा हात धरला. “न्हाई, न्हाई! पाणी देऊ नगंस बाई. जितकं वरून देशील तितकं खालून जाईल. पोट कोरडं पडू दे, आपसूक बांधतंय.” मावशी वयानं मोठी, लेकरं वाढवलेली. आणि खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांनाच तसं वाटायचं. माझ्या आईनंही आम्हाला तसंच वाढवलं होतं. जुलाब म्हटला की पाणी बंद.

रात्र अशीच काढली. पोर पाणी मागत राहिली, गौरम्मा जाळीची घडी ओली करून तिच्या ओठांना लावत राहिली. पोर ती घडीच चोखायची. सकाळी चंद्रप्पा तिला खांद्यावर टाकून दवाखान्यात पळाला. डॉक्टरनं पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली.

“हिला पाणी का नाही दिलं?” डॉक्टरनं विचारलं. रागानं नाही, साधंच विचारलं. “अशा वेळी पाणीच द्यायचं असतं, बाई. मीठ-साखर घालून, घोट घोट, सतत.”

सलाईन लावलं. दुपारी पोर गेली. ज्या इमारतीत आई रोज घड्या घालायची, त्याच इमारतीत.

गौरम्मा आमच्यासमोर रडली नाही. कामावर जायची, घड्या घालायची, यायची. मला तर तिचा रागच यायचा. अगं रड, ओरड, ताटं आपट, पण काही तरी कर! धुरपतामावशीशी मात्र तिनं बोलणंच टाकलं. मावशी दिसली की ही आत. एकदा सकाळी मी दार उघडलं तर मावशीच्या उंबऱ्यावर ते दोन मातीचे बैल ठेवलेले. मावशी त्यांच्याकडं बघत उभी होती. मग पदरात गुंडाळून आत घेऊन गेली.

तर अशी ती गौरम्मा डिसेंबरात ताटल्यांत गहू पेरून बसली होती.

“पर आवंदा सण कसा करतेस?” मी विचारलं. आमच्याकडं काय, सगळीकडंच रीत आहे, घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण नाही.

“मी न्हाईच म्हनलं व्हतं. ह्येनी म्हनले, पोरगी गेली म्हून येशू जन्मायचा थांबतोय का. चांदणी लावायची.” तिनं मातीवर हात फिरवला. “म्हून डबा उघडला. तर डब्यात तुझ्या लाल चिंधीत बांधून गहू ठेवलेला. मूठभर. निवडून, एक एक दाना टपोरा. फुडल्या नाताळचा म्हून ठेवला असंल तिनं.”

मला चिंधी आठवली. एका नवरीच्या झंपराची ती चिंधी होती आणि मी ती द्यायला किती नखरे केले होते.

त्यानंतर रोजचा तिचा तोच उद्योग. सकाळी कामावर जायच्या आधी ताटल्या उन्हात, आल्यावर आत. माझा जीव त्या पाण्यावर तुटायचा. टँकर पुन्हा बेपत्ता झाला होता आणि ही स्वतः अर्ध्या तांब्यावर दिवस काढून गव्हाला पाजत होती. ओठ फुटले होते तिचे. शेवटी न राहवून मी आमच्या ह्यांच्या चुळीचं पाणी एका डब्यात साठवलं आणि तिच्या ओट्यावर नेऊन ठेवलं.

“हे घाल की गव्हाला. त्याला काय कळतंय?”

गौरम्मानं डबा बाजूला सारला. “चुळीचं नगं.”

“अगं पण पिण्याचं कशाला घालवतेस? तुझं तू तरी पी!”

“प्यायचंच पायजे, अक्का.” तिचा आवाज चढला. कधी न चढलेला आवाज. “तिला प्यायचं पानी पायजे व्हतं. तांब्या भरलेला व्हता, माझ्या हाताशी व्हता. मी फडकं चोखवलं पोरीला. फडकं! आता ह्यो गहू तरी जगू दे. ह्यो जगला की मला…”

मी डबा उचलून घरी आले आणि चुलीपुढं बसून पोटभर रडले. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घागरीतलं पेलाभर पाणी मी तिच्या तांब्यात ओतायला लागले. पिण्याचं. ह्यांनी विचारलं, तर म्हटलं, तुमची दाढी वाढवा.

आणि गहू उगवला हो! आधी पांढरे कोंब, मग हिरवी टोकं, मग बघता बघता ताटल्या भरून गेल्या. त्या साली लातुरात हिरवं म्हणून काही दिसत नव्हतं. कडुनिंबसुद्धा करडे पडले होते. लाईनीतल्या बायका मुद्दाम यायच्या, वाकून बघायच्या, कुणी हलकेच तळहात फिरवायच्या. एकीनं तर खाली बसून वासच घेतला. फक्त धुरपतामावशी आली नाही. ती शेळी घेऊन बाभळीचा पाला शोधत वणवण फिरायची. शेळी गाभण होती, पोट खाली आलेलं आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. संध्याकाळी मावशी रिकाम्या हातानं परत यायची, तेव्हा त्या दोघींत कोण कुणाला घेऊन चाललंय ते कळायचं नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी चंद्रप्पानं चांदणी केली. तुरी आल्याच नव्हत्या, तर तुराट्या कुठल्या? त्यानं मोडकी टोपली सोडवून तिच्या काड्या घेतल्या. चांदणी एका अंगाला कलती झाली. “सिंधू असती तर मनली असती, बाबा, ह्यी चांदणी लंगडती,” तो म्हणाला, आणि तोंड फिरवून त्यानं नाक शिंकरलं. दुष्काळाची पाहणी करायला मोठे साहेब येणार होते, त्यांच्या जेवणासाठी त्याला नाताळच्या दिवशीही विश्रामगृहावर जायचं होतं.

ओट्यावर गोठा उभा राहिला. घंटा लागल्या. पताका लागल्या. मध्ये मातीचं बाळ, बाजूला मेंढरं, आणि पुढं सिंधूचं ते बेथलेहेमचं रान. बैलांची जागा तेवढी मोकळी होती. गौरम्मानं ती चिंधीनं झाकली नाही की तिथं दुसरं काही ठेवलंही नाही.

नाताळच्या सकाळी ती त्यांच्या देवळात, चर्चमध्ये, जाऊन आली. पांढरं पातळ नेसली होती. लाईनीतल्या पोरांना तिनं गुळाचे गुलगुले वाटले आणि आणखी आणायला आत गेली. मी माझ्या दारात मशीनवर बसले होते. तेवढ्यात कुणाचं तरी दावं फरफटल्याचा आवाज आला.

मावशीची शेळी. दावं तोडून आली होती. मी “हाड, हाड!” म्हणत उठेपर्यंत तिनं ओट्यावर पाय ठेवून तोंड घातलंसुद्धा. काय खात होती ती! मान वर करायला फुरसत नाही. एक ताटली झाली, दुसरी झाली. टोपणांच्या घंटा तिच्या शिंगाला लागून वाजत होत्या. मी धावले, माझ्या हातात कैची तशीच होती, आणि मी ओट्याशी पोचते तर दारात गौरम्मा उभी. हातात गुलगुल्यांची परात.

मला वाटलं, आता ही किंचाळेल. परात फेकेल.

ती हललीच नाही. नुसती बघत होती.

पलीकडून धुरपतामावशी काठी घेऊन पळत आली. “मर मेले! मर! काय केलंस गं बया हे! पोरीचं हाय त्ये, पोरीचं!” तिनं काठी उगारली आणि शेळीच्या पाठीत घातली. शेळी कळवळली, पण तोंड काही ताटलीतून काढेना. मावशीनं काठी पुन्हा उगारली.

गौरम्मानं परात खाली ठेवली, ओट्यावरून उतरली आणि मावशीचा हात धरला. त्याच हाताचं मनगट, ज्यानं मेमध्ये तिचा हात धरला होता.

“मारू नगंस, मावशी,” ती म्हणाली. “भुकेली हाय. खाऊ दे.”

उन्हाळ्यानंतर ती मावशीशी पहिल्यांदा बोलत होती.

“अगं पर त्ये सिंधूचं…”

“असू दे. पोटाला लागतंय तिच्या.”

शेवटची ताटली शेळीनं चाटूनपुसून साफ केली. मातीत नुसती बोडकी खुंटं उरली. गौरम्मा आत गेली. मला वाटलं, दार लावून घेणार. पण ती बाहेर आली ती तांब्या घेऊन. दिवसभराचं तिचं सगळं पाणी होतं त्यात. तिनं रिकामी ताटली उलटी करून माती झाडली, पदरानं पुसली, तीत तांब्या ओतला आणि शेळीच्या पुढं धरला.

“कुडी,” ती म्हणाली. लेकीशी बोलायची त्या आवाजात, लेकीला लाडानं अव्वा म्हणायची तशी. “नीरु कुडी, अव्वा. कुडी.”

शेळी पाणी प्यायली. गौरम्मा तिच्या मानेवरून हात फिरवत होती, पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती, “पी, पी बाळा, पायजे तेवढं पी,” कधी कानडीत, कधी मराठीत. आणि मग तिचा आवाज फाटला. उन्हाळ्यापासून छातीत दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. शेळीच्या गळ्याला मिठी मारून ती ओक्साबोक्शी रडली. लाईनीतल्या पोरांनी गुलगुले खायचे थांबवले. मीही रडत होते, खोटं कशाला बोलू.

धुरपतामावशीच्या हातातून काठी गळून पडली. ती तिथंच धुळीत बसली.

“मह्या बी दोघांना म्या असंच केलं, गौरम्मा,” ती म्हणाली. “थोरला अन् मधली. दोघंबी पानी मागत गेले. मला कुनी सांगितलंच न्हाई गं. माय मनायची, पानी नगं, सासू मनायची, पानी नगं. म्या समदी रात फुंकर घालत बसले.” तिनं डोळ्याला पदर लावला नाही. “तुजा डॉक्टर बोलला तवा मला कळलं. तवापासून झोप न्हाई मला.”

गौरम्मानं तिच्याकडं पाहिलं. मी म्हटलं, आता बोलेल, नाही तर तोंड फिरवून आत जाईल. दोन्ही तिच्या हक्काचं होतं.

“बैल कुठं हाईत?” तिनं विचारलं.

मावशीला आधी कळलंच नाही. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली, आपल्या खोलीत गेली आणि पदरात काही तरी धरून आली. एका बैलाचं शिंग मोडलं होतं. “म्या उशाला ठिवले व्हते,” ती पुटपुटली. गौरम्मानं बैल घेतले, मोडकं शिंग भिंतीकडं येईल असे गोठ्यातल्या मोकळ्या जागी ठेवले आणि मावशीच्या हातात दोन गुलगुले दिले.

संध्याकाळी चंद्रप्पा आला. साहेबांचं जेवण लांबलं होतं. त्यानं ओटा पाहिला, रिकाम्या ताटल्या पाहिल्या, बायकोच्या सुजलेल्या डोळ्यांकडं पाहिलं, आणि चांदणीतला दिवा लावला. त्या कलत्या चांदणीचा लाल उजेड ओट्यावर पडला.

मी माझ्या घागरीतलं पाणी घेऊन गेले, तिचा तांब्या रिकामा होता म्हणून. गौरम्मा गोठ्यापुढं बसली होती. मी पेला तिच्या हातात दिला आणि बजावलं, “हे तू प्यायचंस. माझ्यासमोर.”

ती अर्धा पेला प्यायली. मग बोटं बुडवून उरलेलं पाणी त्या खुडलेल्या खुंटांवर शिंपडायला लागली. मातीचे बैल रिकाम्या ताटल्यांकडं तोंड करून उभे होते.

मी या वेळी तिला अडवलं नाही.